सोनेगावपर्यंतचा दीड तास

तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरमध्ये रात्री साडेअकराला नागपूरहून दादाचा फोन आला. बाबांना संध्याकाळी रुग्णालयात दाखल केले होते आणि सकाळी नऊच्या सुमारास त्यांची शस्त्रक्रिया करायचे ठरले होते. मी मुलुंडच्या घरातून लगेच पहाटेच्या विमानाचे तिकीट काढले. तिकिटावर निघण्याची वेळ सहा वीस आणि पोहोचण्याची सात पंचावन्न होती. मी दादाला सांगितले, "बाबांना म्हणावे, दीड तासाचाच तर प्रवास आहे, त्यांना आत नेण्याआधी मी तिथे असेन." प्रत्यक्षात पावणेचारला घर सोडले आणि रुग्णालयाच्या दारात पोहोचले तेव्हा सव्वानऊ वाजले होते. बाबांना पावणेनऊलाच आत नेले होते. शस्त्रक्रिया उत्तम झाली आणि आज ते ठणठणीत आहेत; परंतु आत जाताना त्यांनी दोनदा "ती पोचली का?" असे विचारले होते, ही गोष्ट माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

त्या दिवशी काहीही असाधारण घडले नव्हते. विमान रद्द झाले नव्हते, हवामान स्वच्छ होते, कोणाची चूक म्हणावी असे काही नव्हते. चुकला होता तो माझा हिशेब. तेव्हापासून मुंबई-नागपूरच्या प्रत्येक फेरीत मी एका लहान वहीत वेळा लिहून ठेवते : घर सोडले ती वेळ, विमान जागेवरून हलले ती, चाके उचलली ती, चाके टेकली ती, दार उघडले ती आणि धरमपेठेतल्या घरी पोहोचले ती. या दोन विमानतळांमधील अंतर आणि तेथे जायला लागणारा वेळ यांचे नाते किती गुंतागुंतीचे आहे, हे मला त्या वहीनेच शिकवले.

आधी अंतराबद्दल. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, ज्याला जुने नागपूरकर अजूनही सोनेगावचा विमानतळ म्हणतात, यांच्यातील सरळ अंतर सुमारे ६८३ किलोमीटर आहे. वैमानिकांच्या भाषेत हे ३६९ सागरी मैल झाले. पृथ्वीच्या गोलावर मोजलेल्या अक्षांशाच्या एका मिनिटाएवढी लांबी म्हणजे एक सागरी मैल, म्हणजेच १.८५२ किलोमीटर. विमानाचा वेग ज्या नॉटमध्ये सांगतात तो नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. "सरळ अंतर" हा शब्दही जरा जपून वापरावा लागतो, कारण गोलावर सरळ रेष नसते. दोन ठिकाणांना जोडणारा सर्वांत आखूड मार्ग हा त्या गोलावरील मोठ्यात मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो. मुंबई-लंडनसारख्या लांब पल्ल्यावर हा तुकडा नकाशावर चांगलाच वाकलेला दिसतो. मुंबई-नागपूरच्या पल्ल्यावर मात्र हा बाक इतका अल्प आहे की भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली तरी चालेल.

ती रेघ मी एकदा खरोखरच ओढून पाहिली आणि मला फार आनंद झाला. ती सह्याद्री ओलांडते, छत्रपती संभाजीनगरच्या जवळजवळ डोक्यावरून जाते, जालना शहर थोडे दक्षिणेला ठेवते, लोणारच्या सरोवराच्या उत्तरेकडून सरकते, अकोला आणि वाशीम यांच्या मधून जाते, कारंजाच्या जरा वरून पुढे येते आणि वर्धा डावीकडे न ठेवता उजवीकडे ठेवत नागपूरला पोहोचते. ज्यांनी समृद्धी महामार्गाने प्रवास केला आहे त्यांना ही नावे ओळखीची वाटतील. तो महामार्ग ७०१ किलोमीटरचा असून नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडी तालुक्यातील आमणेपर्यंत जातो. त्याचा शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्याची आखणी या आकाशरेषेला इतकी धरून आहे हे पट्टी ठेवेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते. याउलट मुंबई-नागपूर लोहमार्ग ८३७ किलोमीटरचा आहे, कारण तो कसारा घाट चढून नाशिक, मनमाड, जळगाव, भुसावळ असा उत्तरेकडून वळसा घेतो आणि मग अकोला, बडनेरा, वर्धा करत येतो. विदर्भ एक्सप्रेसमध्ये रात्र काढून सकाळी नागपूरला उतरणाऱ्या माझ्या पिढीला तो वळसा पाठ आहे.

आता वेळ. या मार्गावरील जेट विमान पूर्ण उंचीवर असताना तासाला साधारण ८३० किलोमीटर वेगाने जाते. ६८३ ला ८३० ने भागले की ४९ मिनिटे येतात. असे असताना वेळापत्रकात दीड तास ते एक तास चाळीस मिनिटे का असतात, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे पहिले उत्तर असे की, या पल्ल्यावर विमान पूर्ण वेगाने फारच थोडा वेळ उडते.

उड्डाणानंतर विमान पस्तीस हजार फुटांवर पोहोचायला साधारण वीस ते पंचवीस मिनिटे घेते. दहा हजार फुटांखाली तर त्याला २५० नॉट, म्हणजे तासाला सुमारे ४६० किलोमीटर, एवढीच वेगमर्यादा असते. उतरण्याचा हिशेब वैमानिक असा करतात की, उंचीच्या दर हजार फुटांमागे साधारण तीन सागरी मैल हाताशी हवेत; पस्तीस हजार फुटांवरून उतरायचे तर शंभरहून थोडे अधिक सागरी मैल, म्हणजे सुमारे दोनशे किलोमीटर आधीच उतरण सुरू करावी लागते. आता हा हिशेब त्या रेघेवर मांडून पाहा. मुंबईहून निघालेले विमान संभाजीनगरच्या आसपास कुठे तरी चढण संपवते आणि अकोला-वाशीमच्या मधोमध येते न येते तोच त्याची उतरण सुरू होते. ज्याला आपण विमानाचा खरा प्रवास समजतो, तो सपाट आणि वेगवान भाग जालना आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या आसपासच आटोपतो आणि त्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. चहाची गाडी मागच्या रांगांपर्यंत पोहोचायच्या आत कप गोळा करायला कर्मचारी परत का येतात, याचे कारण हेच आहे.

यातून माझ्या हाती एक साधा ठोकताळा आला आणि तो मी इतर मार्गांवर पडताळून पाहिला. किलोमीटरला ८३० ने भागायचे आणि आलेल्या वेळात पाऊण तास मिळवायचा. मुंबई-दिल्ली सरळ अंतर सुमारे ११४० किलोमीटर आहे. भागाकार ८२ मिनिटांचा आणि पाऊण तास धरून दोन तास सात मिनिटे, तर वेळापत्रकात दोन तास दहा-पंधरा मिनिटे असतात. मुंबई ते गोव्यातील दाबोळी सुमारे ४२५ किलोमीटर. हिशेबाने सव्वा तास आणि वेळापत्रकातही तेवढाच. म्हणजे नागपूरपेक्षा दिल्ली साडेचारशे किलोमीटरने लांब असूनही वेळ वाढतो तो पस्तीस-चाळीस मिनिटांनीच, कारण ते वाढीव अंतर सगळेच्या सगळे पूर्ण वेगाने कापले जाते. मुंबई-पुणे विमानतळांमधील अंतर अवघे १२४ किलोमीटर आहे आणि तरीही या मार्गावरच्या विमानांना वेळापत्रकात तासाभराच्या आसपास वेळ दिलेला असे. पल्ला जितका आखूड, तितका या ठरलेल्या पाऊण तासाचा भार जास्त.

हा पाऊण तास कशाचा बनलेला असतो हे समजायचे तर वेळापत्रकातील वेळ कुठून कुठपर्यंत मोजतात ते पाहावे लागेल. ती चाके उचलल्यापासून टेकेपर्यंतची नसते. विमान आपल्या जागेवरून हलते तेव्हा घड्याळ सुरू होते आणि दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहते तेव्हा थांबते. विमानव्यवसायात याला ब्लॉक टाइम म्हणतात. माझ्या वहीप्रमाणे चाके उचलणे आणि टेकणे यांत बहुतेक वेळा एक तास पाच ते एक तास पंधरा मिनिटे जातात. उरलेला वेळ जमिनीवरचा असतो आणि त्यातील मोठा वाटा मुंबईच्या जमिनीचा असतो.

मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत. मुख्य धावपट्टी सुमारे ३४५० मीटरची आणि पूर्व-पश्चिम आहे, तर दुसरी सुमारे २८७० मीटरची आणि तिरपी आहे. या दोन्ही एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी एकच वापरता येते. एवढ्या मोठ्या शहराची बहुतेक विमाने एकाच पट्टीवर चढायची आणि उतरायची, म्हणजे पहाटे सहा ते नऊच्या दरम्यान रांग ठरलेलीच. ज्या दिवशी मी बाबांकडे निघाले होते, त्या दिवशी विमान सहा पंचवीसला हलले आणि सहा अठ्ठावन्नला उडाले. ती तेहेतीस मिनिटे मी खिडकीतून पुढच्या विमानांच्या शेपट्या मोजत होते. वेळापत्रक तयार करणाऱ्यांना ही रांग ठाऊक असते, म्हणून गर्दीच्या वेळच्या उड्डाणांना ते तेवढ्याच अंतरासाठी काही मिनिटे अधिक देतात. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या मोजणीत ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत आलेले विमान वेळेवर आले असे धरतात. प्रवाशाने आपल्या हिशेबात ती पंधरा मिनिटेही आधीच धरून ठेवावीत, असे माझे मत आहे. पावसाळा संपला की दोन्ही धावपट्ट्या देखभालीसाठी एक दिवस सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच बंद ठेवतात. त्या दिवसाची सूचना बरीच आधी येते आणि तिकडे लक्ष ठेवावे.

आणखी एक गोष्ट आहे. मुंबईत वारा बहुतांशी समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो आणि विमान वाऱ्याला तोंड देऊनच उडते. त्यामुळे पूर्वेला नागपूरकडे जायचे असूनही विमान आधी अरबी समुद्रावर जाते आणि तिथे वळून, परत मुंबईच्या अंगावरून किंवा बाजूने पूर्वेकडे निघते. ६८३ किलोमीटरच्या त्या देखण्या रेघेत हा वळसा कुठेच नसतो. नागपूरकडेही धावपट्टी वायव्य-आग्नेय अशी असल्यामुळे पश्चिमेकडून आलेल्या विमानाला उतरण्यासाठी एका बाजूला वळावेच लागते. परतीच्या वाटेवर मात्र उलटे घडते : पूर्वेकडून आलेले विमान घाटकोपरवरून थेट मुख्य धावपट्टीवर टेकू शकते, आणि मुंबईच्या आकाशात गर्दी नसेल तर परतीचा प्रवास सुखाचा होतो. गर्दी असेल तर घिरट्या. अशी एक ठरावीक घिरटी खालच्या उंचीवर साधारण चार मिनिटांची असते : एक मिनिट वळण, एक मिनिट सरळ, पुन्हा वळण, पुन्हा सरळ. जुलैतील एका संध्याकाळी मी अशा पाच घिरट्या मोजल्या आहेत. खाली पाऊस कोसळत होता, कल्याणचे दिवे एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे दिसत होते, आणि शेजारच्या आजी प्रत्येक वळणाला हात जोडत होत्या.

जाण्याच्या आणि येण्याच्या वेळेत वाऱ्यामुळेही फरक पडतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर बारा किलोमीटरच्या आसपास उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वायुझोत असतो. त्याची दक्षिणेकडची किनार आपल्याकडेही जाणवते आणि डिसेंबर-जानेवारीत नागपूरला जाताना पाठीशी वारा मिळतो. पावसाळ्यात दक्षिण भारतावर त्याच्या उलट दिशेने, पूर्वेकडून पश्चिमेकडे, वाहणारा झोत तयार होतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५० च्या दशकात त्याचा अभ्यास मांडला. त्या महिन्यांत मुंबईकडे परतताना वारा साथ देतो. परंतु आपला पल्ला आखूड आहे. समजा ताशी शंभर किलोमीटरचा वारा पाठीशी असला आणि परत येताना तोच समोरून आला, तर त्या वेगवान टप्प्यात फरक पडतो तो चार-पाच मिनिटांचा. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या प्रवासात वाऱ्याने पाऊण-एक तासाचा फरक पडतो, म्हणून त्याची चर्चा होते. नागपूरला वाऱ्यापेक्षा मुंबईची रांग जड. जाता जाता सांगते, जाताना वैमानिक तेहेतीस, पस्तीस किंवा सदतीस हजार फूट सांगतात आणि येताना बत्तीस, चौतीस किंवा छत्तीस हजार. पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम हजार दिलेले असतात, जेणेकरून समोरासमोर येणाऱ्या विमानांमध्ये हजार फुटांचे अंतर राहील.

या प्रवासात घड्याळ बदलावे लागत नाही, तरी सूर्य बदलतो. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशात सव्वासहा अंशांच्या थोडा आतला फरक आहे आणि एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने नागपूरची माध्यान्ह मुंबईच्या पंचवीस मिनिटे आधी होते. जे अंतर कापायला विमानाला चाके उचलल्यापासून टेकेपर्यंत सत्तर मिनिटे लागतात, ते सूर्यप्रकाश पंचवीस मिनिटांत ओलांडतो. हिवाळ्यातील संध्याकाळच्या विमानाने नागपूरहून निघाले की पश्चिमेकडची लाली लवकर विझत नाही. बाबांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. मी पहिल्यांदा विमानाने मुंबईला गेले तेव्हा त्यांनी मला मावळतीकडची, म्हणजे पुढच्या बाजूची उजवी खिडकी घ्यायला सांगितले होते आणि दुसऱ्या दिवशी फोनवर पहिला प्रश्न सूर्यास्ताचाच केला होता.

नागपूरच्या आकाशातील वेळेचा विचार करताना मला नेहमी १९४९ ची रात्रीची हवाई टपाल आठवते. त्या वर्षीच्या जानेवारीत, रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री असताना, ती योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री टपालाची विमाने निघत, मध्यरात्रीनंतर चारही नागपूरला एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. ती डाकोटा विमाने होती. त्यांचा वेग आजच्या जेटच्या एक तृतीयांशाच्या आसपास, म्हणजे मुंबईहून सोनेगावला यायला अडीच तास तरी लागत असणार. परंतु तेव्हा ना सुरक्षा तपासणीची रांग होती ना धावपट्टीची. आजचे जेट तिप्पट वेगवान असूनही मुलुंड ते धरमपेठ हा माझा पूर्ण प्रवास पाच तासांखाली क्वचितच येतो, आणि त्यातील वेगाचा वाटा पंधरा-वीस मिनिटांचा आहे.

हा पाच तासांचा हिशेब असा. मुलुंडहून विमानतळ पहाटे पाऊण तास आणि दिवसा सव्वा तास. देशांतर्गत उड्डाणांच्या सामानाच्या खिडक्या निघण्याच्या तासभर आधी बंद होतात, म्हणून त्याआधी आणखी अर्धा-पाऊण तास. मग दीड तास ते एक चाळीस. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी वीस-पंचवीस मिनिटे. हातातल्या पिशवीवर भागत असेल तर तेवढी वाचतात, आणि मी आता शक्यतो भागवतेच. विमानतळावरून वर्धा रोडने धरमपेठ अर्ध्या तासात येते. सोनेगावची खरी देणगी ही आहे : विमानतळ शहराला लागून आहे आणि मेट्रोचे स्थानकही जवळ आहे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन सुरू झाले की मात्र सारे गणित बदलते. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात होते आणि त्या दिवसांत जागा मिळणेच कठीण होते. त्या काळात मी सरळ रात्रीच्या दुरांतोची वाट धरते. ती अकरा-बारा तास घेते, पण ते तास झोपेचे असतात आणि सकाळी स्थानकापासून घर पंधरा मिनिटांवर असते.

नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून नातेवाईक विचारतात की आता नागपूर जवळ आले का. तेथून सोनेगाव सरळ रेषेत सुमारे ६६५ किलोमीटर आहे, म्हणजे अठरा किलोमीटरची बचत, आणि विमानाच्या वेगाने ती सव्वा मिनिटाची होते. पनवेल किंवा बेलापूरला राहणाऱ्याचा घर ते विमानतळ हा वेळ मात्र तासाभराने कमी होईल, आणि मोजण्यासारखी बचत तीच आहे.

बाबांना मी आता विमानाची वेळ सांगत नाही. गेल्या महिन्यात जाताना मी फोनवर म्हणाले, "बाबा, पावणेबारा वाजता दारात." त्यांनी विचारले, "उशीर धरून की न धरता?" मी म्हणाले, "धरून." विमान वीस मिनिटे उशिरा उडाले, अकोल्याच्या पुढे आल्यावर नेहमीप्रमाणे इंजिनांचा आवाज मंदावला, आणि मी घराच्या फाटकाची कडी काढली तेव्हा अकरा चाळीस झाले होते. बाबा व्हरांड्यातल्या खुर्चीवर घड्याळ हातात घेऊन बसले होते.

"पाच मिनिटं आधी आलीस," ते म्हणाले आणि आईला चहा टाकायला सांगायला आत गेले.